जुनी मिल कोणाची? शेअरची किंमत आणि कामगाराची बेकारी

एका आयटी कंपनीने दुसरी कंपनी हजारो कोटींना विकत घेतली की आपली शिकलेली पोरं आकडा बघून थक्क होतात. शेअरमागे किती मिळाले, याचीच चर्चा. ज्यांनी राबून ती कंपनी उभी केली त्यांच्या नोकरीचे काय, हा प्रश्न बातमीच्या तळाला. हा हिशेब नवा नाही. आम्ही सोलापूरकरांनी तो पंचाहत्तर वर्षांपूर्वीच पाहिला आहे.

1874 साली नोंदलेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली. कामगार रस्त्यावर आले. संविधान लागू व्हायला सतरा दिवस उरले असताना, 9 जानेवारी 1950 रोजी, केंद्र सरकारने वटहुकूम काढून मिलचा कारभार ताब्यात घेतला. कारण दिले गैरव्यवस्थापन आणि बेकारीचे. नंतर त्याचाच कायदा झाला. संचालक सरकार नेमू लागले, भागधारकांचा तो हक्क गेला.

भागधारक सुप्रीम कोर्टात गेले. डिसेंबर 1950 मध्ये चरणजीतलाल चौधरी खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी कायदा टिकला. पण शंभराच्या प्रेफरन्स शेअरवर फक्त पन्नास रुपये भरलेले होते, सरकारी संचालकांनी उरलेले पन्नास मागितले. द्वारकादास श्रीनिवास यांनी आव्हान दिले. डिसेंबर 1953 मध्ये कोर्टाने म्हटले, हा नुसता कारभार नाही, भरपाई न देता मालमत्ताच घेतली आहे. कलम 31 खाली कायदा रद्द झाला.

म्हणजे भागधारकाच्या पन्नास रुपयांना संविधानात कलम होते. कामगाराच्या बुडालेल्या पगाराला कोणते होते?

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत अशी मागणी संविधानातच घालायला सांगितली आणि बेकार माणसाला मूलभूत हक्कांचा उपयोग काय, हेही विचारले. ती मागणी मान्य झाली नाही. 1955 मध्ये चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत राज्यसभेत त्यांनी स्पष्ट केले की कलम 31 मसुदा समितीचे नव्हे. त्याच दुरुस्तीने सरकारला ठरावीक काळासाठी कारभार ताब्यात घेण्याची मोकळीक मिळाली.

तेव्हा मित्रांनो, कंपनीची किंमत कोणी जाहीर केली की एवढेच विचारा: या आकड्यात मजूर कुठे आहे? सापडला नाही, तर हिशेब अर्धाच आहे.

जय भीम!