झोका खऱ्या इमारतीचा : 'स्पायडर-मॅन २' या खेळाची ओळख

प्रतिनिधी

चित्रपटांवर बेतलेल्या व्हिडिओ गेमना फारशी प्रतिष्ठा कधी लाभली नाही. प्रदर्शनाची तारीख गाठण्यासाठी घाईघाईने उरकलेले काम, अशीच त्यांची ख्याती होती. १९८२ मध्ये अटारी कंपनीने 'ई.टी.' या चित्रपटावरील खेळ नाताळच्या विक्रीसाठी जेमतेम पाच-सहा आठवड्यांत तयार करवून घेतला. पुढच्याच वर्षी 'ई.टी.'सह अनेक खेळांची न खपलेली कार्ट्रिज कंपनीने अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरली. या परंपरेत २००४ च्या जून महिन्यात आलेला 'स्पायडर-मॅन २' हा खेळ ठळक अपवाद ठरला. चित्रपटाची कथा त्यात आहेच. तथापि त्याची आठवण काढली जाते ती कथेसाठी नव्हे, तर न्यूयॉर्कच्या इमारतींमधून झोके घेत फिरण्याच्या अनुभवासाठी.

चित्रपट आणि खेळ

सॅम रायमी दिग्दर्शित 'स्पायडर-मॅन २' हा चित्रपट अमेरिकेत ३० जून २००४ रोजी प्रदर्शित झाला. खेळ त्याच्या दोन दिवस आधी बाजारात आला. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या तीन कन्सोलसाठी तो कॅलिफोर्नियातील ट्रेआर्क या संस्थेने तयार केला आणि अ‍ॅक्टिव्हिजनने प्रकाशित केला. टोबी मॅग्वायर, कर्स्टन डन्स्ट आणि आल्फ्रेड मोलिना या चित्रपटातील कलावंतांनीच खेळातील आपापल्या पात्रांना आवाज दिला. नवख्या खेळाडूला सूचना देणारा खट्याळ आवाज आहे ब्रूस कॅम्पबेल यांचा. रायमींच्या तिन्ही स्पायडर-मॅन चित्रपटांत छोट्या भूमिकांत दिसणारे हे अभिनेते खेळात मदतीइतकीच थट्टाही करतात.

चित्रपटात खलनायक एकच, डॉक्टर ऑक्टोपस. खेळाने मूळ कॉमिक्समधील ऱ्हायनो, शॉकर, मिस्टेरिओ आणि ब्लॅक कॅट ही पात्रेही आणली. त्यांपैकी मिस्टेरिओचा एका दुकानातील प्रसंग खेळाडूंच्या विशेष स्मरणात आहे. त्याची शक्ती दाखवणारी पट्टी एकदा, दोनदा, तीनदा भरत जाते. आता महायुद्ध होणार असे वाटत असतानाच तो एका ठोशात आडवा होतो.

'मुक्त विश्व' म्हणजे काय?

जुन्या धाटणीच्या खेळांत एक टप्पा संपला की दुसरा सुरू होतो आणि खेळाडूने ठरलेल्या वाटेनेच जायचे असते. याउलट 'ओपन वर्ल्ड' म्हणजे मुक्त विश्वाच्या खेळात एक सलग प्रदेश सुरुवातीपासून मोकळा असतो. कोठे जायचे, कोणते काम आधी हाती घ्यायचे, की नुसतेच भटकायचे, हे खेळाडू ठरवतो. २००१ मधील 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' या खेळाने त्रिमितीय शहरासाठी ही पद्धत लोकप्रिय केली. तेथे शहर मोटारीतून पाहायचे होते. 'स्पायडर-मॅन २'ने तेच स्वातंत्र्य उंचीच्या दिशेने वाढवले. मॅनहॅटन आणि लगतची काही बेटे असा त्याचा परिसर आहे. रस्ता, भिंत, गच्ची आणि गगनचुंबी इमारतीचे टोक, सर्वत्र जाता येते.

हे त्या काळी सोपे नव्हते. प्लेस्टेशन २ ची मुख्य स्मृती अवघी ३२ मेगाबाइट होती. संपूर्ण शहर एकाच वेळी तीत मावणे शक्य नसल्याने, खेळाडू जसजसा पुढे सरकतो तसतसा पुढील भाग डिस्कवरून आणला जातो आणि मागील भाग काढून टाकला जातो. झोक्याचा वेग जितका अधिक, तितके हे काम अवघड. दूरच्या इमारती ढोबळ आणि धूसर दिसतात, त्याचे एक कारण हेच. मात्र शहरातून फिरताना मध्येच थांबून वाट पाहावी लागत नाही.

झोक्याचे शास्त्र

या खेळाचे खरे वैशिष्ट्य झोक्यात आहे. पहिल्या चित्रपटावर आधारित २००२ च्या खेळात स्पायडर-मॅनने सोडलेला धागा वर आकाशात नाहीसा होई. तो कशाला चिकटला हा प्रश्न विचारायचा नसे. २००४ मध्ये ट्रेआर्कचे जेमी फ्रिस्ट्रॉम यांनी आखलेल्या नव्या प्रणालीत धागा खरोखरीच्या इमारतीला चिकटतो. इमारत नसेल तर धागा नाही, आणि धागा नसेल तर झोका नाही.

या एका नियमातून पुढचे सर्व काही घडते. शाळेच्या भौतिकशास्त्रातील लंबक येथे डोळ्यांपुढे उभा राहतो. उंचावरून खाली येताना उंचीचे वेगात रूपांतर होते, तळाशी वेग सर्वाधिक असतो आणि पुन्हा वर चढताना वेगाचे उंचीत रूपांतर होते. खऱ्या जगात २० मीटर खाली आलेल्या वस्तूचा वेग, हवेचा अडथळा सोडल्यास, ताशी सुमारे ७० किलोमीटर होतो. खेळातील गणित खेळाडूच्या सोयीसाठी सैल केलेले असले, तरी नाते तेच आहे. धागा तळाशी सोडला तर स्पायडर-मॅन सरळ पुढे फेकला जातो आणि जमिनीकडे येतो. फार उशिरा सोडला तर वेग संपलेला असतो. वर चढत असताना मधल्या क्षणी सोडला तर उंची आणि अंतर दोन्ही साधतात. हे कोणी शिकवावे लागत नाही, तासाभरात हाताला कळू लागते.

म्हणूनच या खेळात शहराच्या रचनेला अर्थ प्राप्त होतो. उंच इमारतींच्या दाटीत झोके लांब आणि वेगवान होतात. बुटक्या वस्तीत ते आखूड होतात. सेंट्रल पार्कच्या मोकळ्या भूमीवर पोचताच उंचावरचा आधार संपतो आणि वेग ओसरतो. खेळाडू मॅनहॅटनचा नकाशा पाठ करत नाही, पण कोणत्या भागात आधार मिळेल हे त्याच्या बोटांना ठाऊक होते.

महानायकाची किरकोळ कामे

गुन्हे रोखून आणि लोकांना मदत करून 'हीरो पॉइंट' मिळतात. कथेचे पुढचे प्रकरण उघडण्यासाठी त्यांची ठराविक संख्या जमवावी लागते. याच गुणांवर अधिक वेग, नवी चाल, नवे डावपेच विकत घेता येतात. पाकीटमार, मोटारचोर, बुडणारी होडी, कड्याला लोंबकळणारा माणूस, रुग्णालयात पोचवायचा जखमी, अशी कामे रस्त्यावर सतत समोर येतात. कोण्या मुलाचा फुगा हातातून सुटतो, आणि जगाला वाचवणारा महानायक त्या फुग्यामागे उड्या मारत सुटतो.

पिझ्झा पोचवण्याचे काम तर दंतकथाच बनले आहे. चित्रपटातील पीटर पार्कर पैशासाठी पिझ्झा पोचवतो, ते खेळात वेळ लावून करायचे असते. हवेत फार कोलांट्या मारल्या तर पिझ्झाची नासाडी होते. पार्श्वभूमीला 'फुनिकुली फुनिकुला' ही इटालियन चाल वाजत राहते. व्हेसुव्हियस पर्वतावरील रेल्वेच्या निमित्ताने १८८० मध्ये रचलेली ही चाल अनेक तरुण खेळाडूंच्या कानावर प्रथम पडली ती येथेच.

उणिवाही आहेत. मदतीच्या कामांचे प्रकार मोजकेच असल्याने थोड्याच वेळात तीच हाक आणि तोच चोर पुन्हा भेटतो. मारामारी बटणे दाबण्याच्या पलीकडे फारशी जात नाही. रस्त्यावरील माणसांचे चेहरे आणि वाक्ये मोजकी आहेत. तरीही कथा संपल्यावर खेळ बंद न करता केवळ फिरण्यासाठी शहरात परतणारे खेळाडू असंख्य होते, यात झोक्याचे यश दिसते.

नाव एक, खेळ दोन

येथे एक महत्त्वाची नोंद करावयास हवी. संगणकावर म्हणजे पीसीवर याच नावाने आलेला खेळ निराळा होता. तो ट्रेआर्कने नव्हे, तर द फिझ फॅक्टर या संस्थेने लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवून सोपा करून बनवला. त्यात धागा कोठेही लावता येत नाही, ठरवून दिलेल्या खुणांनाच तो जोडला जातो. वरील वर्णन त्या खेळाला लागू पडत नाही. आपल्याकडे त्या काळी घरी काय किंवा सायबर कॅफेत काय, खेळ मुख्यतः पीसीवरच खेळले जात. त्यामुळे 'स्पायडर-मॅन २ खेळलो आहे' असे सांगणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात मूळ खेळ पाहिलेलाच नसण्याची शक्यता आहे.

पुढील प्रवास

ट्रेआर्कने २००५ मध्ये 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' आणि २००७ मध्ये 'स्पायडर-मॅन ३' हे खेळ केले. २०१२ आणि २०१४ मधील 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' चित्रपटांवरील खेळ बीनॉक्स या कॅनडातील संस्थेने बनवले. २०१८ मध्ये इन्सोम्नियाक संस्थेचा प्लेस्टेशन ४ वरील 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' आला. तो कोणत्याही चित्रपटावर बेतलेला नव्हता, परंतु धागा इमारतीला चिकटण्याचे तत्त्व त्यानेही पाळले. त्याच संस्थेचा २०२३ मधील खेळ 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन २' या नावाचा असल्याने, जुना खेळ शोधताना नावाचा घोटाळा होण्याचा संभव आहे.

आज खेळायचा तर?

चित्रपटावरील खेळात पात्रे एकाची, चित्रपट दुसऱ्याचा आणि खेळ तिसऱ्याचा असतो. परवान्याची मुदत संपली की विक्री थांबते, आणि पुन्हा सर्वांची संमती मिळवण्याचा खटाटोप सहसा कोणी करत नाही. २००४ चा हा खेळ आजच्या कन्सोलसाठी नव्याने आलेला नाही. जुने यंत्र आणि जुनी डिस्क, हाच सरळ मार्ग उरतो. हे दुखणे एकट्या या खेळाचे नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत.

चित्रपट आजही हवा तेव्हा पाहता येतो. झोक्याचे मात्र वर्णन वाचून किंवा ध्वनिचित्रफीत पाहून समाधान होत नाही, तो स्वतः घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे ही डिस्क आणि चालू स्थितीतील यंत्र आहे, त्यांनी ते जपून ठेवावे.

दृष्टिक्षेपात

खेळ : स्पायडर-मॅन २
प्रकाशन : जून २००४, अ‍ॅक्टिव्हिजन
निर्मिती : ट्रेआर्क (प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स, गेमक्यूब)
पीसी आवृत्ती : द फिझ फॅक्टर, स्वतंत्र खेळ
प्रकार : मुक्त विश्व, साहस
स्थळ : मॅनहॅटन, न्यूयॉर्क
नवख्यांसाठी सूचना : आधी उंच इमारतींच्या भागात सराव करावा. वर चढत असताना धागा सोडावा. वेग वाढवणारी क्षमता सर्वांत आधी विकत घ्यावी. पिझ्झा नेताना कोलांट्या टाळाव्यात.