भंडारा जिल्ह्यातील कालसत्तेची स्थित्यंतरे

कचेरीच्या भिंतीवर घड्याळ येण्यापूर्वी वैनगंगेकाठच्या मुलुखात काळाचा आरंभ दररोज ज्याच्या त्याच्या क्षितिजावर होत असे. सूर्यबिंब अर्धे वर आले की तळाला सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यात सोडावयाचे, ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे आजची २४ मिनिटे, सरली असे मानावयाचे, आणि अशा ६० घटिकांचे अहोरात्र गणावयाचे, ही आपली प्राचीन रीत होय. पवनीची घटिका साकोलीच्या घटिकेशी जुळते की नाही, हे पाहण्याचे प्रयोजनच त्या व्यवस्थेत नव्हते.

ते प्रयोजन आगगाडीने उत्पन्न केले. १८५३ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोहोचला, आणि १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे अरुंद रूळ भंडाऱ्याच्या भातखाचरांतून राजनांदगावाकडे गेले. पुढे हा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेकडे येऊन रुंद झाला. एकाच रुळावरून समोरासमोर गाड्या सोडावयाच्या तर वरठीच्या, म्हणजे भंडारा रोड स्थानकाच्या, मास्तराचे घड्याळ आणि पुढच्या स्थानकाचे घड्याळ यांत मिनिटाचाही मतभेद परवडणारा नव्हता. परंतु प्रमाण कोणाचे मानावयाचे? मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळांत तासाहून अधिक अंतर होते आणि दोहोंपैकी एकही माघार घेण्यास राजी नव्हते. तेव्हा दोहोंच्या दरम्यान पडणारी मद्रासची वेळ, जी १७९२ साली स्थापन झालेल्या तेथील वेधशाळेत ठरे व तारायंत्राने देशभर पोहोचविली जाई, ती रेल्वेखात्याने मुकरर केली.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मद्रास ग्रीनिचच्या पुढे सुमारे ५ तास २१ मिनिटे, तर भंडारा सुमारे ५ तास १८ मिनिटे. अर्थात शेकडो कोस दूरच्या त्या वेधशाळेची सत्ता आमच्या जिल्ह्यावर आली ती अवघ्या दोन-अडीच मिनिटांच्या फरकाने, आणि रयतेला तिची चाहूलही लागली नसावी. तीच सत्ता मुंबईकरास अर्धा तास पुढे ढकलीत होती. पुढे १९०६ साली साडेब्याऐंशी अंश रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईचे अंतर ३९ मिनिटांवर गेले आणि त्या शहराने असा विरोध केला की मुंबईची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिली. भंडाऱ्याचे अंतर ११ मिनिटांचे होते. मुंबईचा स्वाभिमान आणि मध्यप्रांताची सोशिकता अशी तुलना कोणी केली तर ती मला अन्यायाची वाटते. भेद स्वभावाचा नसून रेखांशाचा होता. जो निर्णय आपल्याला टोचत नाही, तो कोणी घेतला याची चौकशी आपण करीत नाही, इतकेच.

आज तहसील कचेरीतील संगणकाच्या बाबतीत हेच घडत आहे. त्याच्या आतील स्फटिकाचे घड्याळ हळूहळू चुकत जाते, म्हणून ते जाळ्यावरील एखाद्या कालसेवेशी वरचेवर जुळवून घ्यावे लागते. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली सिद्ध केलेल्या एनटीपी या संकेताने हे कार्य चालते. मात्र ही सेवा कोणाची, हे बहुधा संगणकाची कार्यप्रणाली घडविणाऱ्यांनी आधीच योजून ठेवलेले असते, आणि फरक क्षणाच्या अंशाचा असल्याने आपण विचारीतही नाही. सातबाराची नोंद, खरेदीखत, निविदेची मुदत यांचा पौर्वापर्यक्रम त्या घड्याळावर ठरत असता ही उदासीनता योग्य नव्हे. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी असा हुकूम काढला आहे की शासकीय कार्यालयांनी व कंपन्यांनी आपली यंत्रे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या कालसेवेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सेवेशी, जोडावीत. जिल्ह्यातील कचेऱ्यांत आणि शाळांत यंत्रे बसविणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ती मांडणी एकदा उघडून आपले यंत्र कोणाची वेळ मानते, हे स्वतः पाहावे.