तिरकमठ्याची कुळकथा

तिरकमठा म्हणजे वेळूचा कमठा, त्यावर ताणलेली दोरी आणि तीर. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येला किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात हे हरणाच्या शिकारीचे जुने हत्यार. दक्षिणेला लातूरच्या उघड्या माळावर मात्र त्याला शिकारीत पहिला मान कधीच नव्हता. हा फरक जमिनीच्या घडणीने पाडला. पुढे त्या जमिनीवर हक्क कोणाचा, या प्रश्नाने तिरकमठ्याचे उरलेले आयुष्य ठरवले.

दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अकीक आणि गारगोटीच्या जातीचे चिवट, काचेसारखे फुटणारे दगड सापडतात. मध्याश्मयुगातल्या माणसाने या दगडांच्या नखाएवढ्या चकत्या काढल्या आणि त्या डिंकाने काडीच्या टोकाला बसवल्या. तिरांची जी पाती मागे उरली, ती अशी. लाकूड, दोरी, पिसे कुजून गेली. धनुष्य घेऊन हरणामागे लागलेली माणसे पाहायची असतील तर मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या शैलचित्रांकडे वळावे लागते. लोखंड आले तसे तिराचे टोक बदलले, पण कमठ्याची रचना फारशी बदलली नाही. मध्य भारतातल्या आदिवासींचा कमठा एका अखंड वेळूचा असतो. त्याची दोरीही बहुधा वेळूचीच, म्हणजे सालीकडच्या चिवट भागाची पातळ कामटी. पावसाळ्यात कातड्याची किंवा तातीची दोरी ओल धरून सैल पडते, कामटी तशी पडत नाही. तिराच्या मागच्या टोकाला पिसे बांधलेली असतात. ती वारा धरतात आणि तीर सरळ जातो.

किनवटच्या बाजूला निर्मळ डोंगररांगांचे उतार आहेत, पैनगंगेचे खोरे आहे. गोंड, कोलाम, आंध या जमातींची वस्ती याच पट्ट्यात आहे. जंगलात चितळ, सांबर, भेकर आणि चौशिंगा. यांतले पहिले तिघे खरे हरणांच्या कुळातले, त्यांची शिंगे भरीव असतात, गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. चौशिंगा मात्र कुरंगांच्या कुळातला. चैत्रात मोहाची फुले पडू लागली की चितळ आणि सांबर पहाटेच्या अंधारात झाडाखाली येतात. वानरे वर पाला ओरबाडत असली तर खाली पडलेला पाला खायला चितळांचा कळप जमतो. उन्हाळ्यात ओढे आटतात आणि जनावर मोजक्या पाणवठ्यांवर येऊ लागते. तिरकमठ्याची शिकार या सवयींवर उभी होती. जनावराचा पाठलाग करायचा नाही, ते जिथे येणारच तिथे वाऱ्याच्या खालच्या अंगाला आधीच जाऊन बसायचे.

एवढे जवळ बसावे लागण्याचे कारण साध्या हिशेबात आहे. वेळूच्या कमठ्यातून सुटलेला तीर सेकंदाला साधारण ५० मीटर जातो, म्हणजे २५ मीटरवरच्या चितळापर्यंत पोचायला त्याला अर्धा सेकंद लागतो. दोरीचा टणत्कार मात्र सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत पोचतो. चितळ दचकते, उडी मारायला अंग खाली दाबते आणि तीर पाठीवरून निघून जातो. म्हणून अनुभवी शिकारी पंचवीस पावलांच्या आत आल्याखेरीज दोरी सोडत नाही. तीर लागला तरी जनावर जागीच पडत नाही. बंदुकीच्या गोळीचा धक्का असतो तसा धक्का तिराला नाही, तो कापतो आणि रक्त वाहून जनावर मरते. लगेच मागे धावले तर ते भेदरून कोसभर जाते. थोडा वेळ गप्प बसून मग पानांवरचे रक्ताचे थेंब पाहत माग काढायचा, ही या शिकारीतली खरी विद्या. नेम त्या मानाने सोपा. छातीत, फुफ्फुसात लागले तर रक्त फेसाळ आणि लालभडक दिसते, आणि जनावर फार लांब गेलेले नसते. पोटात लागले तर रक्त गडद आणि घाण मिसळलेले दिसते, अशा वेळी कित्येक तास थांबावे लागते. हे ज्ञान कोणत्याही पोथीत नव्हते, ते बापाकडून लेकाकडे आले.

लातूरकडचा मुलूख वेगळा. बालाघाटचे पठार, मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातली काळी रानं, बरड आणि गायरान. आजही लातूर जिल्ह्याचे वनक्षेत्र एकूण क्षेत्राच्या एक टक्क्याच्या आतच आहे. इथले हरीण म्हणजे काळवीट आणि चिंकारा. लोक त्यांना हरीणच म्हणतात, पण ती कुरंगे, त्यांची शिंगे कायमची असतात. काळवीट नजरेवर जगते आणि ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावते. माळावर त्याला माणूस अर्ध्या कोसावरून दिसतो. आडोशाला ना झाड ना झुडूप, मग पंचवीस पावलांत जायचे कसे?

या प्रश्नाला इथल्या माणसांनी दोन उत्तरे शोधली. एक दरबारातले. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, आजचे बसवकल्याण, निलंग्यापासून लांब नाही. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. राजाच्या करमणुकींत त्याने मृगयेला मोठी जागा दिली आहे. माणसाळवलेल्या चित्त्याकडून हरीण धरवण्याचे भारतातले सर्वांत जुने स्पष्ट वर्णन याच ग्रंथात सापडते असे अभ्यासक मानतात. ही हौस पुढे सुलतान, मोगल आणि संस्थानिकांपर्यंत चालली. चित्ते मात्र रानातूनच धरून आणावे लागत, बंदिवासात त्यांची वीण जवळजवळ होत नसे. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

दुसरे उत्तर फासेपारध्यांचे, आणि कौशल्य पाहता तेच मोठे. तातीचे पीळदार फास एका लांब दोरीला ओळीने बांधायचे, दोरीला ठरावीक अंतरावर लाकडी खुंट्या, आणि ही माळ कळपाच्या वाटेवर जमिनीलगत ठोकायची. मग शिकवलेल्या बैलाच्या आड चालत कळपाला हळूहळू, न बिथरवता, त्या दिशेने वळवायचे. बैलाला काळवीट भीत नाही, त्यामुळे माळावरच्या आडोशाचा प्रश्न इथे सुटला. तिरकमठ्याला जे जमले नाही ते बैल आणि दोरी यांनी साधले. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे पारध्यांसारख्या भटक्या जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का त्यानंतरही कित्येक पिढ्यांच्या कपाळी राहिला. एवढी बारीक विद्या जाणणाऱ्या लोकांवर झालेला हा उघड अन्याय होता.

तिरकमठ्याची आणि फाशांची, या दोन्ही शिकारी ज्या जमिनीवर होत, ती कोणा एकाची नव्हती. गावाचे गायरान, पडीक माळ, डोंगरावरचे जंगल. निजामाच्या राजवटीत जंगलखात्याने एकेक डोंगर राखीव करत नेला. सागवान महत्त्वाचे होते, त्यासाठी फिरती शेती बंद झाली, गुरे रोखली गेली आणि शिकारीलाही परवाना आला. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्यातल्या जोडेघाटला १९४० साली कुमरम भीम या गोंड पुढाऱ्याने जल, जंगल, जमीन यांसाठी दिलेला लढा पोलिसांच्या गोळीबारात संपला. गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधायला निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला नेमले. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्याचा ग्रंथ १९४८ साली निघाला. ठासणीची बंदूकही याच सुमाराला खेडोपाडी पोचत होती. बंदूकवाला ऐंशी पावलांवरून हरीण पाडू लागला, आणि माग काढण्याची जुनी विद्या मागे पडली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. निलंगा, अहमदपूर आणि उदगीर बीदर जिल्ह्यातून मराठवाड्यात आले, आणि १९८२ साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबई राज्याचा वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षण कायदा १९५१ चा. त्याची मूळ कल्पना परवान्याची आणि हंगामाची होती, शिकार बंद करण्याची नव्हती. खरा बदल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. कायद्याने हत्याराची जी व्याख्या केली तिच्यात बंदूक, सुरी, जाळे, फास, विष यांच्याबरोबर धनुष्यबाणाचेही नाव आहे. शिकारीच्या व्याख्येत नुसते मारणेच नाही, तर तसा प्रयत्न करणे आणि त्यासाठी जनावर हाकणेही येते. तरीही काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची फट राहिली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजवली. अनुसूचित जमातींचा शिकारीचा हक्क कायद्याने फक्त निकोबार बेटांपुरता शाबूत ठेवला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोह, तेंदू, बांबू, मासे आणि चराई यांचे हक्क मान्य केले, मात्र शिकारीचा आणि सापळे लावण्याचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. कळपांची जी दशा झाली होती ती पाहता बंदी आवश्यकच होती. पण कळप संपवले ते जंगलतोडीने, बंदुकीने आणि जीपच्या दिव्यांनी, यात तिरकमठ्याचा वाटा फार थोडा. एकाच कायद्याने बंदूकवाला आणि तिरकमठेवाला दोघांनाही सारखेच बांधले, एवढे इथे नोंदवले पाहिजे.

अमेरिकेत याच हत्याराचा प्रवास उलट दिशेने झाला. तिथे विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली केवळ धनुष्याने हरीण मारण्याचा हंगाम सुरू केला, आणि हळूहळू बहुतेक राज्यांत सरकारी जंगलांतही परवाना काढून धनुष्याने शिकार करता येऊ लागली. तीर सुटला की हरीण दचकते, ही अडचण तिथल्या शिकाऱ्यांचीही होती. मिसूरीतल्या हॉलिस विल्बर ॲलन या हौशी शिकाऱ्याने कमठ्याच्या टोकांना चाके बसवली आणि १९६९ साली त्या रचनेचे पेटंट मिळवले. हेच आजचे कंपाउंड धनुष्य. पूर्ण ताणल्यावर चाकांमुळे भार एकदम उतरतो. २७ किलोंचा ताण धरायला हातावर सहा ते नऊ किलोच येतात आणि तीर वेळूच्या कमठ्याच्या दुपटीच्या आसपास वेगाने जातो. १९७२ साली, म्हणजे भारताने शिकारीला बांध घातला त्याच वर्षी, अमेरिकेने धनुष्यबाणाच्या विक्रीवरचा कर वन्यजीव रक्षणाच्या निधीकडे वळवणारा कायदा केला.

महाराष्ट्रात कंपाउंड धनुष्य आले ते खेळाच्या वाटेने. पन्नास मीटरवर कागदी लक्ष्य, सहा तीर, गुण. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्यात घडलेले आदिती स्वामी आणि ओजस देवतळे याच प्रकारात वैयक्तिक विजेते ठरले. नांदेड-लातूरच्या रानात आता हरणाशी संबंध येतो तो पिकाच्या नुकसानीपुरता. काळविटांचे कळप हरभऱ्यात, तुरीत उतरतात, शेतकरी रात्री जागतात आणि पंचनामा करून वनविभागाकडे भरपाईचा अर्ज देतात. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी वनविभागाकडून विशिष्ट परिस्थितीत मारण्याचा परवाना मिळतो. काळवीट, चितळ आणि सांबर यांच्या बाबतीत शेतकऱ्याच्या हाती भरपाईच उरते.