पद्मिनीचं ऑइल

सुकापुरात माथेरान रोडला गॅरेज असलं की जुन्या गाड्यांचा इतिहास पुस्तकात शोधावा लागत नाही. ऑइल चेंबरचा बोल्ट खोलला की तो इतिहासच ट्रेमध्ये पडतो. प्रीमियर पद्मिनीच घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यातलं 1089 सीसी इंजिन. त्यात कॅम थेट सपाट टॅपेटवर घासतो, मध्ये रोलर नाही. तेलाचा थर तुटला की धातूला धातू भिडतो. त्यावर उपाय झेडडीडीपी, म्हणजे जस्त-फॉस्फरसचं रसायन. दाब आणि उष्णता मिळाली की ते टॅपेटवर पातळ, काचेसारखं कवच धरतं.

मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. फॉस्फरस त्याला बाधतो, म्हणून 2004 च्या एपीआय एसएम या तेलाच्या दर्जात 10डब्ल्यू-30 सारख्या पातळ ग्रेडांवर 0.08 टक्क्याची मर्यादा घातली गेली. 20डब्ल्यू-50 तीतून सुटलं. पद्मिनीचं नशीब!

गिऱ्हाईक मात्र हटून बसतं, "शेठ, महागातलं टाका ना!" महागातलं बहुतेक पातळ, म्हणजे फॉस्फरस कमी. कॅस्ट्रॉलचा कारखाना इथून जवळ, पाताळगंगेला, पण डब्याच्या मागे छापलेला दर्जा आणि ग्रेड वाचतो कोण? दुसरा हट्ट जाड तेलाचा, धूर थांबावा म्हणून. रिंगा झिजल्या असतील तर धूर चार दिवस दबतो, इतकंच.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली, 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी अजून येतात. त्यांना मी 20डब्ल्यू-50 मिनरलच घालतो, आणि डबा मालकाच्या हातात देतो.