सह्याद्रीआडून उगवणारा चंद्र टिपताना

पौर्णिमेचा चंद्र डोळ्यांना जितका रेखीव दिसतो, तितका छायाचित्रात क्वचितच उमटतो. बहुधा हाती येतो तो काळ्या आकाशातील पांढरा ठिपका. चौकटीचा बहुतेक भाग अंधाराचा असल्याने कॅमेऱ्याची स्वयंचलित यंत्रणा संपूर्ण दृश्यच काळोखे समजते आणि शटर अधिक काळ उघडे ठेवते. वस्तुतः चंद्राचा पृष्ठभाग म्हणजे भर उन्हात पडलेला खडक होय. त्यासाठी उन्हातील वस्तूला द्यावा तसाच अल्प प्रकाशकाल पुरतो.

यासाठी एक जुना, सोपा नियम आहे. भिंगाचे छिद्र एफ ११ आणि आयएसओ १०० असता शटर १/१०० सेकंद ठेवावे. छिद्र एफ ८ केल्यास १/२०० सेकंद. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचा प्रकाश मात्र पौर्णिमेच्या सुमारे एक दशांश असतो. तेव्हा शटरचा काळ चार ते पाच पट वाढवावा लागतो. विवरे आणि पर्वत टिपण्यासाठी हीच तिथी उत्तम. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात व खोली जाणवते. पौर्णिमेला ऊन समोरून पडत असल्याने हा उठाव हरवतो.

चंद्राने आकाशात व्यापलेला कोन केवळ अर्धा अंश असतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाने त्याची प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर उमटते, ३०० मिलिमीटरच्या भिंगाने पावणेतीन. म्हणूनच लांब पल्ल्याचे भिंग, भक्कम तिपाई आणि हाताचा धक्का टाळणारा टायमर आवश्यक ठरतो. फोकस हातानेच, पडद्यावरील प्रतिमा मोठी करून साधावा. पुण्याच्या प्रथमेश जाजू याने २०२१ मध्ये पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा एकत्र करून चंद्राचे तपशीलवार चित्र साकारले होते. हवेच्या थरथरीवर मात करण्याचा हा मार्ग आहे.

चंद्रासोबत डोंगरही हवा असल्यास मात्र तिथीचे गणित मांडावे लागते. मुरबाड तालुक्यात पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. वैशाखऱ्यासारख्या नाणेघाटाच्या पायथ्याच्या गावातून कडा क्षितिजापासून दहा अंश उंच दिसत असेल, तर तो ओलांडण्यास चंद्राला सुमारे ४० मिनिटे लागतात. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. परंतु कड्यावर येईपर्यंत अंधार दाटलेला असतो. मग चंद्र साधला तर डोंगर काळा पडतो आणि डोंगर साधला तर चंद्र पांढरा फटक होतो. यावर उपाय म्हणजे आदल्या दिवशीची चतुर्दशी. त्या दिवशी चंद्र सरासरी ५० मिनिटे आधी उगवत असल्याने संधिप्रकाशातच कड्यावर येतो आणि दोन्ही एकाच चौकटीत नीट उमटतात.

शहापूर तालुक्यात हेच गणित उलटे होते. मुंबई-नाशिक महामार्गावर आटगावच्या परिसरातून माहुलीचे सुळके पश्चिमेला दिसतात. तेथे मावळता चंद्र टिपण्यासाठी पौर्णिमेनंतर एक दिवस उलटू द्यावा. त्या दिवशी चंद्र उशिरा मावळतो आणि उजाडताना सुळक्यांच्या माथ्याशी येतो.

हवामानाचाही विचार हवा. पावसाने धुतलेल्या आश्विन-कार्तिकातील हवेत चित्र स्वच्छ येते. फाल्गुन-चैत्रात राब भाजण्याचा धूर क्षितिज झाकोळतो. निव्वळ चंद्रच हवा असल्यास तो माथ्यावर येईपर्यंत थांबावे. कोजागरीला दूध आटत असताना पुष्कळांचे कॅमेरे आकाशाकडे वळतात. डोंगरासह चंद्र हवा असलेल्यांनी एक संध्याकाळ आधीच तिपाई रोवलेली बरी.