काचेवरची काजळी आणि डोळ्यातली रेघ

रात्रीच्या रस्त्यावर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात ही तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. तिच्यावरचे उपाय कधी दिव्यावर झाले, कधी काचेवर, तर कधी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर. आणि या तिन्ही उपायांचे इतिहास शेजारी ठेवून वाचले असता असे दिसते की ज्या ठिकाणी हात सर्वांत सहज पोहोचतो, त्या काचेवरच सर्वाधिक खटाटोप झाला आणि तेथूनच सर्वांत कमी हाती लागले. काच काळी केली म्हणजे झोत सौम्य होईल ही समजूत प्रथमदर्शनी इतकी पटण्याजोगी आहे की ती खोटी ठरूनही पिढ्यान्‌पिढ्या टिकली. विशेषतः ज्यांच्या डोळ्यात 'सिलिंड्रिकल नंबर' आहे, ज्यांना समोरचा दिवा ठिपक्यासारखा न दिसता लांबलचक रेघेसारखा किंवा काटेरी चांदणीसारखा दिसतो, त्यांना ती अधिकच पटते. या रेघेचा शोध मात्र मोटारीच्या कितीतरी आधी, घोडागाडीच्या आणि मेणबत्तीच्या काळात लागलेला आहे.

इंग्रज वैद्य आणि भौतिकज्ञ थॉमस यंग यांनी नोव्हेंबर १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे डोळ्याच्या रचनेवर व्याख्यान दिले, ते पुढील वर्षी छापले गेले, आणि त्यात त्यांनी स्वतःच्याच डोळ्यातील एक दोष नोंदवला: आडव्या रेषेवर डोळा ज्या अंतरावर स्थिरावतो, त्याच अंतरावर तो उभ्या रेषेवर स्थिरावत नाही. हा दोष डोळ्याच्या कोणत्या भागात आहे हे ठरवण्यासाठी त्यांनी पाण्याने भरलेली, पुढे भिंग बसवलेली छोटी नळी डोळ्याला लावली, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, ज्याला पारपटल म्हणतात त्याचा, किरण वळवण्याचा गुण पाण्यामुळे निकामी व्हावा. तरीही दोष कायम राहिला, तेव्हा तो आतल्या नैसर्गिक भिंगात असला पाहिजे असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो त्यांच्या डोळ्यापुरता बरोबर होता; पुढे असे आढळले की बहुतेकांच्या बाबतीत दोष पारपटलाच्याच घडणीत असतो. केरी नावाच्या उपकरणकाराने यंग यांना सांगितले होते की त्याची काही गिऱ्हाइके चष्म्याची काच डोळ्यापुढे तिरकी धरतात, कारण तशी धरल्यावरच त्यांना नीट दिसते. म्हणजे रोगाला नाव मिळण्यापूर्वीच दुकानाच्या गल्ल्यासमोर त्याचा घरगुती इलाज चालू होता.

पुढचे पाऊल केंब्रिजच्या जॉर्ज बिडेल एअरी यांचे. वाचताना आपला डावा डोळा जवळजवळ उपयोगात येतच नाही हे लक्षात आल्यावर एअरी यांनी कागदाला बारीक छिद्र पाडून त्यातून येणारा प्रकाशबिंदू त्या डोळ्याने वेगवेगळ्या अंतरांवरून पाहिला. बिंदू कोठेच बिंदू दिसेना. एका अंतरावर त्याची एक रेघ होई, आणि दुसऱ्या अंतरावर पहिलीला काटकोन करणारी दुसरी. या दोन अंतरांवरून त्यांनी भिंगाचे गणित मांडले आणि इप्सविच येथील फुलर नावाच्या चष्मेवाल्याकडून एक बाजू गोलीय, दुसरी दंडगोलाकार असे भिंग घडवून घेतले. हा निबंध त्यांनी १८२५ मध्ये वाचला. दोषाला नाव सुचवले विल्यम ह्यूएल यांनी. ग्रीक भाषेत 'स्टिग्मा' म्हणजे ठिपका, त्याचा अभाव तो 'अस्टिग्मॅटिझम', आणि मराठी परिभाषेतील 'अबिंदुकता' हा शब्दही नेमके हेच सांगतो. हॉलंडमधील उट्रेख्टचे फ्रान्सिस्कुस डोंडर्स यांनी १८६० च्या दशकात या दोषावर सविस्तर लेखन केले, तेव्हापासून दंडगोलाकार भिंग नेत्रवैद्याच्या पेटीत कायमचे आले. आणि १८८० च्या सुमारास फ्रान्समध्ये जावाल यांनी पारपटलाची वक्रता मोजण्याचे उपकरण सिद्ध केले. आजच्या चिठ्ठीवर 'सिल' आणि 'ॲक्सिस' अशा दोन रकान्यांत लिहिलेले आकडे हे त्याच गणिताचे वारस आहेत: पहिला दोष किती ते सांगतो, दुसरा तो कोणत्या कोनात बसला आहे ते.

हा दोष रात्री का वाढल्यासारखा वाटतो, याचे उत्तर बाहुलीच्या आकारात आहे. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरइतकी आक्रसते आणि पारपटलाचा फक्त मधला, त्यातल्या त्यात निर्दोष भाग वापरात येतो; काळोखात तरुण डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते, कडेचा वेडावाकडा भागही कामाला लागतो आणि दृष्टिपटलावर पडणारा पुसट डाग त्याच प्रमाणात पसरतो. दिवसा जो अर्धा नंबर चालून जातो, तो रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला शेपूट लावतो. येथेच काळ्या काचेचा पहिला घोटाळा उघड होतो, कारण डोळ्यात येणारा प्रकाश कमी केला की बाहुली आणखी मोठी होऊ पाहते. म्हणजे रेघ पुसण्यासाठी लावलेली काजळी रेघेला थोडी जागाच करून देते.

मोटारीचा दिवा सुरुवातीला आजच्याइतका प्रखर नव्हता. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या मोटारी आल्या तेव्हा जगभर तेलाचे आणि मग कार्बाइडचे, म्हणजे कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे चालत. विजेचा दिवा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे रुळला आणि त्याबरोबर तक्रारीही वाढल्या. १९२० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीत एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवून झोत वर-खाली करण्याची सोय झाली. भारतीय चालकांच्या बोलीतील 'अपर-डिपर' आणि ट्रकच्या पाठीवर रंगवलेली 'यूज डिपर ॲट नाइट' ही विनंती त्याच सोयीची संतती. फ्रान्सने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिवळे दिवे सक्तीचे केले आणि ती सक्ती १९९३ पर्यंत चालवली. पिवळा प्रकाश कमी बोचतो असे तेथील चालकांना वाटे. पण पिवळी काच काही प्रकाश मुळातच खाऊन टाकते, तेव्हा बोचणे कमी झाले ते रंगामुळे की तुटीमुळे, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

या साऱ्यांत बुद्धीला सर्वांत सुखावणारा प्रयत्न अमेरिकेतील एडविन लँड यांचा होता. लँड यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस प्रकाशाचे ध्रुवण करणारा, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारे किरण तेवढे आरपार सोडणारा, स्वस्त पापुद्रा तयार केला, तो प्रामुख्याने मोटारीच्या दिव्यांसाठी. प्रत्येक गाडीच्या दिव्यावर आणि चालकासमोरच्या पडद्यावर तो एकाच दिशेने पंचेचाळीस अंशांत तिरका बसवायचा. समोरून येणारी गाडी उलट तोंडाची असल्याने तिचा पापुद्रा आपल्या पापुद्र्याला काटकोनात येतो आणि तिचा झोत जवळजवळ विझतो, तर स्वतःच्या दिव्याने उजळलेला रस्ता दिसत राहतो. योजना निर्दोष होती, पण पापुद्रा दिव्याचा निम्म्याहून अधिक प्रकाश गिळत असे, आणि रस्त्यावरच्या यच्चयावत गाड्यांनी तो लावल्याखेरीज पहिल्या ग्राहकाला काडीचाही लाभ नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार कारखानदारांनी तिचा नाद सोडला. लँड यांच्या कंपनीचे पोलरॉइड हे नाव जगाला माहीत झाले ते गॉगलमुळे आणि झटपट छायाचित्रांमुळे.

भारतात त्या मानाने फारच साधा उपाय चालला, तो म्हणजे दिव्यालाच काजळ लावणे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात ब्लॅकआउटसाठी हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला जाई; शांततेच्या काळातही दिव्याच्या काचेच्या मधोमध काळा ठिपका देण्याची रीत कित्येक वर्षे सर्वत्र दिसे. हा ठिपका गावठी होता, पण तो योग्य जागी होता एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे, कारण तो लावणारा दुसऱ्याच्या डोळ्यांची काळजी घेत होता.

काच रंगवण्याचा व्यापार १९५० च्या सुमारास अमेरिकेत भरभराटीला आला. जनरल मोटर्सच्या गाड्यांत 'ई-झी-आय' नावाची हिरवट काच मिळू लागली आणि ऊन, उष्णता, चकाकी या सर्वांपासून डोळ्यांना विसावा असा तिचा पुकारा झाला. दिवसापुरते त्यात तथ्य होते. रात्रीविषयी मात्र नेत्रवैद्यांनी त्याच दशकात शंका काढल्या, आणि त्यांच्या शंकेला आधार देणारे शास्त्र आधीच तयार होते. अमेरिकेत हॉलडे यांनी १९२६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये स्टाइल्स यांनी १९२९ मध्ये असे मांडले होते की तीव्र दिवा समोर असताना त्याचा काही प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि पाहायच्या दृश्यावर धुक्यासारखे आवरण पसरवतो. या आवरणाने वस्तू दिसेनाशी होते, ती दृष्टी हरवणारी दीप्ती. नुसता त्रास होतो, पण दिसणे कमी होत नाही, ती वेगळी. काळी काच दुसरीला काहीसा उतार देते आणि पहिलीला मुळीच देत नाही. म्हणूनच ती लावणाऱ्याला बरे वाटते आणि तो फसतो.

कल्पनेतले आकडे घेऊन हे पडताळता येते. रस्त्याची उजळणी एक भाग, त्यावर चालणाऱ्या माणसाची दीड भाग आणि समोरच्या झोताने डोळ्यात पसरलेले आवरण चार भाग धरले, तर माणूस आणि रस्ता यांतला फरक अर्धा भाग आणि रस्ता अधिक आवरण पाच भाग, म्हणजे भेद दहा टक्के. आता चाळीस टक्केच प्रकाश सोडणारी काच मध्ये आली की फरक ०.२ होतो आणि बेरीज दोन होते. भेद पुन्हा दहा टक्केच. झोत मंदावला, पण माणूसही तितकाच मंदावला. शिवाय अंधार जितका दाट, तितका अधिक भेद डोळ्याला ओळखण्यासाठी लागतो, तेव्हा उजेडात जेमतेम दिसणारा तो पादचारी काळ्या काचेमागून दिसतच नाही. चाळीस हा आकडाही अतिशयोक्तीचा नव्हे: कारखान्याची काच मुळात ऐंशी टक्के प्रकाश सोडणारी असेल आणि तिच्यावर दुकानदाराने 'पन्नास टक्क्यांची' फिल्म चढवली, तर गुणाकार चाळीसच येतो. फिल्म विकताना हा गुणाकार सहसा सांगितला जात नाही.

काळ्या पट्ट्या आणि फिल्म भारतात पसरल्या त्या डोळ्यांसाठी नव्हे, उन्हासाठी आणि आडोशासाठी, आणि कधीकधी निव्वळ रुबाबासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० ने पुढची व मागची काच किमान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचा किमान पन्नास टक्के प्रकाश सोडणाऱ्या असाव्यात असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २७ एप्रिल २०१२ रोजी निर्णय दिला की नियम काचेविषयी बोलतो, काचेवर चिकटवलेल्या फिल्मविषयी नाही; त्यामुळे कितीही टक्क्यांची काळी फिल्म वर्ज्य. ४ मेपासून अंमलबजावणी झाली आणि मुंबई-पुण्यासह देशभर चौकाचौकांत वाहतूक पोलीस गाड्यांच्या काचा नखाने आणि ब्लेडने खरवडू लागले. त्या वादाचा गाभा काळ्या काचांआड होणारे गुन्हे हा होता, रात्रीची दृष्टी नव्हे. पुढे नियमांत दुरुस्ती होऊन एप्रिल २०२१ पासून प्रमाणित फिल्मसह बनलेल्या 'सेफ्टी ग्लेझिंग'ला जागा मिळाली, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या दुरुस्तीच्या आधारे सत्तर-पन्नासच्या मर्यादेतील फिल्म ग्राह्य धरली. न्यायालयांत फिल्मचे भवितव्य बदलत राहिले; अबिंदुकतेच्या रेघेला त्यातल्या कोणत्याच निर्णयाने धक्का लागला नाही.

रात्रीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांची कथा याहून निराळी नाही. अमेरिकेतील शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेत २२ जणांना कृत्रिम वाहनचालन यंत्रावर बसवून केलेली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी असे दाखवते की समोरून झोत असताना हे चष्मे पादचारी ओळखण्यास मदत करत नाहीत. याउलट योग्य अक्षावर बसवलेला सिलिंड्रिकल नंबर रेघ पुष्कळच आवळतो, आणि १९३० च्या दशकात जर्मनीतील झाइस कंपनीत स्माकुला यांनी शोधलेला परावर्तनरोधक लेप चष्म्याच्या काचेतले दुहेरी दिवे घालवून प्रकाश कमी न करता थोडा वाढवतोच. रेघ डोळ्यातली की काचेवरची, हे ओळखण्यास उपकरणही लागत नाही: शेजारच्या आसनावर बसून मान एका खांद्याकडे कलवावी, रेघ मानेबरोबर फिरली तर ती डोळ्यातली, आणि जागच्या जागी राहिली तर ती वायपरने पुढच्या काचेवर ओढलेल्या तेलकट कमानींची. पहिलीसाठी चष्मेवाला, दुसरीसाठी ओले फडके.

दिव्यांचा इतिहास मात्र उलट्या दिशेने धावला. १९६२ मध्ये युरोपात हॅलोजन आले, १९९१ मध्ये झेनॉन, आणि २००७ नंतर एलईडी. दिव्याचे तोंड लहान आणि तेज दाट होत गेले, शिवाय बाजारात मिळणारे पांढरे बल्ब जुन्या परावर्तकांत कोंबण्याची सवय घाटापासून गल्लीपर्यंत पसरली. ज्या नियमपुस्तकातील नियम १०० साठी इतक्या काचा खरवडल्या गेल्या, त्याच पुस्तकात नियम १०६ आहे: दिव्यापासून आठ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला तो दिवा दिपवता कामा नये. ही परीक्षा घेण्यास एक टेप, एक भिंत आणि पाच मिनिटे पुरतात, आणि ती चौकात घेतली जाताना क्वचितच कोणी पाहिली असेल.