वय न वाढणारी राणी

१५९६ साली इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलने आदेश काढला : राणी पहिल्या एलिझाबेथची अशोभनीय चित्रे शोधून नष्ट करावीत. राणीने तेव्हा साठी ओलांडली होती. १५६२ मध्ये तिला देवीही येऊन गेल्या होत्या. तरीही १६०० च्या सुमारास रंगवलेल्या 'रेनबो पोर्ट्रेट'मध्ये ती नवयौवनाच दिसते.

हा केवळ रूपाचा सोस नव्हता. राणी अविवाहित होती आणि तिने वारस जाहीर केला नव्हता. तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती सिंहासनाच्या भवितव्याविषयी शंका निर्माण करणारी होती. म्हणून चित्रकार ठरावीक तरुण चेहराच गिरवत राहिले.

समाजमाध्यमांवर निर्दोष दिसण्याचा दबाव आज सामान्य माणसावरही आहे. एलिझाबेथला निदान राज्य सांभाळायचे होते.